एक रुपया पोचला

कोल्हापुरात जुनी गाडी शोधणं अवघड नाही. चहाच्या गाड्यावर उभं राहून 'गाडी बघायला लागलोय' एवढंच म्हणायचं. चहा संपायच्या आत तीन गाड्या निघतात, आणि त्यातली कुठली घेऊ नये हे सांगणारे सात जण. अवघड असतं ते नंतरचं.

मला सापडली ती शुक्रवार पेठेतली. पांढरी, २०१४ ची, एमएच-०९, एकच मालक. मालक म्हणजे आण्णा. वय सत्तरीच्या पुढं, पांढरा लेंगा, शर्टाच्या खिशात डायरी. गाडी एक्केचाळीस हजार किलोमीटर चाललेली. एवढी कमी कशी, म्हणून विचारलं.

"सकाळी गंगावेशीत दूध, रविवारी जोतिबा, सणासुदीला इचलकरंजीत लेकीकडं. आनी कुठं जायचं असतंय माणसानं?"

त्यांच्या घरापासून गंगावेस चालत पाच मिनिटांवर आहे, हे मी बोललो नाही. गिऱ्हाइकानं काही गोष्टी गिळायच्या असतात.

शुक्रवार पेठ म्हटल्यावर बायकोचा पहिला प्रश्न, "पुरातली तर नव्हं?" २०१९ आणि २०२१ चे पूर बघितल्यापासून आमच्याकडं गाडीची पत्रिका इथूनच बघायला सुरुवात होते. मंगळ-बिंगळ नंतर. म्हणून उद्यमनगरातल्या मेस्त्रीला बरोबर घेतलं. हा माणूस बोलत नाही. बॉनेटला कान लावतो, 'हं' म्हणतो आणि त्या 'हं'वरून आपण ओळखायचं. त्यानं इंजिनाला हातच लावला नाही. पुढच्या सीटचा बेल्ट धरला आणि ओढत राहिला, शेवटच्या टोकापर्यंत. गाडी धुणारे सगळं धुतात, पण आत गुंडाळलेला पट्टा विसरतात, आणि गाळाची रेघ नेमकी तिथं सापडते. मग मॅट उचलून खाली नाक लावलं. सीटखालचे बोल्ट बॅटरी मारून बघितले. जेवायला बसवलेल्या पाहुण्यानं भाकरी उलटीपालटी करून बघावी आणि यजमानानं ते निमूट बघावं, तसे आण्णा उंबऱ्यात उभे होते.

"पुरात गाडी राजारामपुरीत मेव्हण्याकडं हुती," शेवटी त्यांना राहवलं नाही. "मी पाण्यात, गाडी कोरडी."

मेस्त्री म्हणाला, "हं." हा चांगला 'हं' होता.

मग शिवाजी पूल ओलांडून वडणगे फाट्यापर्यंत एक चक्कर झाली. मागच्या सीटवर गल्लीतली दोन माणसं होती, ती कोण आणि का आली होती हे शेवटपर्यंत कळलं नाही. परत आल्यावर तीन लाखांवरनं सुरुवात होऊन दोन लाख पासष्टला हात मिळवला. "शब्द म्हंजे शब्द," आण्णा म्हणाले. काकूंनी चहा आणला. मला वाटलं, झालं.

"उद्या रोख घेऊन यावा," आण्णा म्हणाले.

मी सांगितलं, २०१७ पासून नियम आहे, एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याच्या वर रोख घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड.

"कुणाला दंड?"

"घेणाऱ्याला."

"म्हंजे गाडी माझी, पैसं माझं आनी दंडबी माझा?" आण्णांनी काकूंकडं असं बघितलं, की हा नियम त्यांनीच केला असावा.

मग मी चेक सुचवला. घरात एकदम शांतता. काकू उठून आत गेल्या. मला काही कळेना. आण्णांनी हळू आवाजात सांगितलं, "मागं म्हैस इकली हुती. म्हैस गेली, चेक परत आला."

त्या घरात चेकचा विषय पुन्हा निघाला नाही.

मोबाईलवरनं यूपीआयनं पाठवतो म्हटलं, तर तिथं दिवसाला एक लाखाची मर्यादा. तीन दिवस तीन हप्त्यांत पाठवायचे म्हटल्यावर आण्णांनी विचारलं, "मग गाडीबी तीन हप्त्यांत न्हेणार काय? आज टायरं?" राहिलं आरटीजीएस, म्हणजे बँकेतनं बँकेत थेट मोठी रक्कम पाठवायची सोय. त्याला किमान दोन लाख लागतात, म्हणजे आमची रक्कम अगदी मापात बसत होती. आण्णांनी लोखंडी कपाटातनं पासबुक काढलं. त्यावर बँकेच्या शाखेचा आयएफएससी कोड कुणीतरी पेनानं लिहिला होता, आणि त्यातलं एक गोल हे शून्य की इंग्रजी ओ, यावर अर्धा तास गेला. मागच्या सीटवरची ती दोन माणसं इथंही होती, एक शून्याच्या बाजूनं, एक ओच्या. पाचवी खूण कायम शून्यच असते, हे मला माहीत होतं. पण मी पेठेत नवा.

नाव जोडलं, तर माझ्या बँकेचं ॲप म्हणालं, नवीन खातं आहे, पहिले चोवीस तास मोठी रक्कम जाणार नाही. म्हणून खातं बरोबर आहे का बघायला एक रुपया पाठवला. आण्णांच्या बटणाच्या फोनवर मेसेज आला. त्यांनी खिशातली डायरी काढली, तारीख घातली आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, "एक रुपया पोचला."

दुसऱ्या दिवशी अमावस्या निघाली. कॅलेंडर मी बघितलं नव्हतं, काकूंनी बघितलं होतं. अमावस्येला गाडी दारातनं हलणार नाही.

"मग पैसेही परवाच पाठवतो," मी म्हटलं.

"पैशाला कुठली अमावस्या?" आण्णा म्हणाले. "लक्ष्मीपूजन अमावस्येलाच असतंय की!"

यावर उत्तर असेल तर मला कळवा. मी पैसे पाठवले. ॲपवर हिरवी खूण आली. आण्णांच्या फोनवर काहीच नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. म्हशीची आठवण खोलीत येऊन बसली. मग फोन हातात घेतला, तर इनबॉक्स गच्च भरलेला, नव्याला जागाच नाही. मी पुसायला घेतले, आण्णांनी प्रत्येक वाचायला लावला. "ह्यो ऱ्हाऊ दे, लसीचा हाय." "ह्यो नातवाच्या निकालाचा." शेवटी कर्जाच्या जाहिराती पुसायला परवानगी मिळाली आणि फोन टुंग टुंग करायला लागला. आधी आली आणखी एक कर्जाची जाहिरात. त्यामागनं आमचे पैसे.

आण्णांनी आकड्यावर बोट ठेवून शून्यं मोजली. "पाच हायती."

"शेवटची दोन पैशांची, आण्णा."

"मग बरोबर."

त्या रात्री माझ्याकडं पैसे नव्हते आणि गाडीही नव्हती. होतं ते बायकोचं बोलणं. "पावती घेतली काय?" नव्हती घेतली. शब्द दिलेल्या माणसाला पावती मागायची म्हणजे पुन्हा सीटबेल्ट ओढल्यासारखं झालं असतं.

प्रतिपदेला सकाळी सातला गेलो तर गाडी धुऊन, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढून उभी. गाडी नावावर करायचे कागद निघाले: फॉर्म २९ दोन प्रतींत, मग फॉर्म ३०. आण्णांनी प्रत्येक सही चष्मा पुसून केली. मेस्त्रीनं चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, मंदिरातल्या शिलालेखाचा ठसा घेतात तशी. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्या, हे आण्णांनी चार वेळा सांगितलं. मग डिकीतनं आपली छत्री काढली, डॅशबोर्डवरचा जोतिबाचा फोटो काढला, थोडा वेळ हातात धरला आणि परत जागेवर चिकटवला. "ऱ्हाऊ दे. तिला सवय हाय."

किल्ली हातात देताना त्यांनी एक पाकीटही दिलं. घरी जाऊन उघडा म्हणाले. मी शिवाजी पुलावरच उघडलं. आत डायरीतलं एक पान: 'आले २,६५,००१. ठरले २,६५,०००. जादा १.' आणि त्याला टाचणीनं लावलेला एक रुपयाचा चेक.

बायको म्हणाली, देव्हाऱ्यात ठेवा. मी मेस्त्रीला दाखवला. त्यानं तो दोन्ही बाजूंनी बघितला, उजेडात धरला आणि ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच अख्खं वाक्य बोलला.

"भरून बघा की, वटतोय काय."