जिंकलास ना, मग ‘ईझी’ कशाला लिहितोस?

रविवारच्या कस्टम रूमचा, म्हणजे मोबाईल गेमवर आपापसात लावलेल्या सामन्याचा, निकाल सगळ्यांना ठाऊक होता, त्यामुळे मिरजकर तिकटीजवळच्या कट्ट्यावर निकालाबद्दल कुणी बोललंच नाही. बोलणं झालं ते निकालानंतरच्या अर्ध्या मिनिटाबद्दल. बंड्याच्या स्क्वॉडनं शेवटचा गडी पाडला, त्याच्या क्रेटवर, म्हणजे मेलेल्या गड्याच्या सामानाच्या पेटीवर, उभं राहून नाच केला, ग्रुपवर ‘ईझी’ म्हणजे ‘सोपं होतं’ असं लिहिलं आणि वर समोरच्या कॅप्टनच्या वडिलांच्या रिक्षाचाही उद्धार केला.

“खेळावरनं बोल की. रिक्षा कशाला काढलीस?” प्रज्ञानं बसायच्या आधीच विचारलं.

“जोश असतोय गं तो,” बंड्या म्हणाला. हेडफोन गळ्यात, आवाज सगळ्या तिकटीला ऐकू जाईल असा. “स्लेजिंग म्हणत्यात त्याला. मोठमोठे करत्यात.”

“मोठमोठे शेवटच्या झोनपर्यंत पोचतात. मागच्या महिन्यात तू पॅराशूटमधनं उतरल्या उतरल्या मेलास, तेव्हा जोश कुठं होता? तेव्हा तर समोरचा हॅकर होता, नेट गेलं होतं आणि मोबाईल तापला होता.”

बंड्याचं हे कायमचंच आहे. हरला की समोरचा हॅकर, जिंकला की समोरचा नूब, म्हणजे नवशिका. समोरचा आपल्यापेक्षा चांगला खेळला, अशी तिसरी शक्यता तो धरतच नाही.

सुहास बँकेत असल्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीवर नियम हवा असतो. तो म्हणाला, “कंपन्यांनीच बंदोबस्त करायचा. ओव्हरवॉच गेमनं २०१६ मध्ये केला होता की. कुणी ‘जीजी ईझी’, म्हणजे ‘छान डाव, सोपा होता’, असं डिवचायला टाईप केलं की त्याच्या नावावर भलतंच वाक्य उमटायचं. माझी झोपायची वेळ झाली, आईला सांगू नका, असलं काहीतरी.”

“बंड्याला ते लागू पडतंय,” आप्पा म्हणाले, “आई खरंच हाक मारत्या.”

हसू ओसरल्यावर प्रज्ञा म्हणाली, “फिल्टर चांगलाच, मी नको म्हणत नाही. लीग ऑफ लेजंड्सवाल्यांनी तर २०२१ मध्ये समोरच्या टीमशी बोलायचा चॅटच बंद केला. शिवी थांबली, पण डाव चालू असताना ‘चांगला खेळलास’ लिहायची वाटही गेली. आणि माझं विचारशील, तर मी व्हॅलोरंट गेमला माईक बंदच ठेवतो. माईक चालू केला की माझा नेम कोण बघत नाही. मुलगी आहे एवढंच बघतात. मग स्वयंपाकघरापासनं सुरू. तेही समोरची टीम नाही, माझ्याच टीममधली पोरं.”

कोल्हापूरच्या पोरी ‘मी ठेवतो’ म्हणतात तेव्हा त्यात एक ठामपणा असतो. तरी पण हिला माईक बंद ठेवावा लागतो, याचा मला मनापासून राग येतो. पाच जणांच्या टीममध्ये एकीनं न बोलता खेळायचं म्हणजे शत्रू कुठनं येतोय हेसुद्धा सांगता येत नाही. हे कुणाला जोश वाटत असेल, तर त्यानं एक डाव तोंड बंद ठेवून खेळून बघावा.

“पण शिव्या म्हणजे फसवणूक नव्हे,” बंड्यानं फाटा फोडला. “मी कधी हॅक लावलाय?”

“लावायला येत नाही म्हणून,” सुहास.

“शांघायचं आठवतंय ना?” प्रज्ञा. “२०१८, काउंटर-स्ट्राइक गेमची स्पर्धा. आपल्याच देशाची टीम, आणि त्यातल्या एकाच्या पीसीवर ‘वर्ड डॉट ईएक्सई’ अशा साध्या नावानं लपवलेला हॅक. अख्खी टीम मोडली. बाकी चौघांनी काय केलं होतं? समोरच्याला मोजायचं नाही ही सवय लागली, की बाजूच्यालाही मोजत नाही माणूस.”

मग अर्थातच २०२१ चा आनंदबरोबरचा तो ऑनलाइन बुद्धिबळाचा डाव निघाला. करोनासाठी मदत गोळा करायचा खेळ, समोर विश्वनाथन आनंद, आणि झिरोधावाले अब्जाधीश निखिल कामथ कॉम्प्युटरची मदत घेऊन जिंकले. मागाहून माफीही मागितली. आनंदनं काय लिहिलं होतं? मी पटावर जे होतं ते खेळलो आणि सगळ्यांकडनं तीच अपेक्षा होती. एवढंच. चिडायचा पूर्ण हक्क असलेल्या माणसाचं ते वाक्य मला कुठल्याही विजयापेक्षा मोठं वाटतं.

“मग आशिया कपात भारत-पाकच्या न झालेल्या हस्तांदोलनाचं काय?” बंड्यानं शेवटचा पत्ता टाकला.

“ते नको!” तिघं एकदम ओरडले. त्या विषयावरनं सुहास आणि आप्पा दिवाळीपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते.

आप्पा पुढं सरसावले. “आमच्या फुटबॉलात बघ. पाटाकडील काय, शिवाजी काय, खंडोबा काय...”

“आप्पा, तुमच्या फुटबॉलात शाहू स्टेडियमवर दगड पडायचे.”

“पडायचे. चुकीचंच होतं ते. पण ज्याला मैदानात आडवा पाडला, तोच दुसऱ्या दिवशी दूध कट्ट्यावर शेजारी उभा असायचा. त्याच्या बापाला काय बोलायचं, याचा विचार करायलाच लागायचा. तुझ्या समोर नुसतं नाव असतंय, इंग्रजीत, मध्ये चार आकडे घातलेलं.”

“पण ह्याच्यासमोर नुसतं नाव नव्हतं,” प्रज्ञा म्हणाली. “ह्याला रिक्षा माहीत होती.”

बंड्याला उत्तर सुचलं नाही. तिनं त्याचा मोबाईल पुढं ओढला. “लिही. चांगला खेळलास, रिक्षाचं बोलायला नको होतं. परत कस्टम लावू.”

“एवढं सगळं?”

“नाच करताना एवढं मोजलं नाहीस.”

त्यानं लिहिलं, पण पाठवायच्या आत आप्पांनी आपली जुनी गोष्ट काढली. उपांत्य सामना, शेवटची मिनिटं, त्यांचा हेडर, आणि हरलेल्या गोलकीपरनं येऊन मारलेली मिठी. ही मिठी दर वेळी थोडी लांबत जाते. गोष्ट रंगात आली तोवर चहाचे ग्लास उचलायला आलेले मामा थांबले. मामा पलीकडच्या पेठेतले.

“मिठी नव्हती ती, आप्पा,” मामा म्हणाले. “धरून ठेवला होता तुम्हाला त्यानं. ऑफसाईड होता तो गोल!”

“ऑफसाईड? मी?”

“दीड हात!”

आप्पा कट्ट्यावरनं उठले, रस्त्यावर चपलेनं गोलरेषा आखली आणि सुहासला गोलकीपर म्हणून उभा केला. मामांनी ग्लासांचा ट्रे डिफेंडरच्या जागी ठेवला. बंड्या हसून हसून खाली बसला आणि त्या नादात त्याच्या अंगठ्यानं तो मेसेज गेला की पुसला गेला, ते त्यालाही कळलं नाही. “बघ, बघ आधी!” प्रज्ञा ओरडत होती, आणि आप्पा ट्रेच्या मागनं पुढं पळत होते.