लाटसाहेबांसाठी पोच लिहिण्याचे धडे

उद्या तुमची हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयपदी नेमणूक झालीच, तर एक पथ्य पाळा: पुढाऱ्याच्या पत्राला उत्तर देऊ नये, पोच द्यावी.

लॉर्ड आयर्विन यांचा कित्ता गिरवा. २ मार्च १९३० ला गांधींनी साबरमतीहून त्यांना लांबलचक पत्र लिहिलं. मायना ‘प्रिय मित्र’. इथेच सावध व्हायचं. लाटसाहेबाला मित्र म्हणणारा माणूस काहीतरी मागणार, हे नक्की. त्यातून पत्र टपालाने नाही, रेजिनाल्ड रेनॉल्ड्स या इंग्रज तरुणाच्या हाती पाठवलेलं. म्हणजे ‘आम्हाला मिळालंच नाही’ ही सोयही गेली.

आत काय, तर हिशेब! तुमचा पगार महिना २१,००० रुपयांच्या वर, म्हणजे रोजचे ७०० हून जास्त; हिंदी माणसाची सरासरी कमाई दिवसाला २ आण्यांहून कमी. ५,००० पटींहून अधिक फरक. असले आकडे तपासत बसू नका. तपासले की बरोबर निघतात. (पाढे पाठ असलेला कारकून अशा वेळी रजेवर धाडावा.)

मग खासगी सचिवाला बोलवा, सहीही त्याचीच घ्या. मजकूर एवढाच: पत्र पावलं, आभार, आपण कायदेभंगाचा आणि सार्वजनिक शांततेला धोका आणणारा मार्ग योजत आहात, हे कळून खेद झाला. बस्स. मिठाचं नाव काढायचं नाही, पगाराचं तर मुळीच नाही. ‘खेद’ मात्र विसरू नका. सरकारी पत्रात तो मिठासारखाच लागतो, आणि त्यावर कर नाही.

गांधी म्हणाले, गुडघे टेकून भाकर मागितली, धोंडा मिळाला. म्हणेनात का! धोंडा जावक बारनिशीत चढला की आपलं काम संपलं.

पुढे १२ मार्चला ते ७८ जणांना घेऊन दांडीकडे चालू लागले, तरी घाबरू नका. २४० मैल आहेत, थकतील. ६ एप्रिलला त्यांनी मूठभर मीठ उचललं तरी थांबा, देशभर कढया चुलीवर चढू द्या. मग ५ मेला, मध्यरात्र उलटल्यावर, पकडा. कायदा चांगला मुरलेला निवडा. १८२७ चं रेग्युलेशन २५ उत्तम. खटला नाही, म्हणजे आरोपीचं भाषणही नाही. थेट येरवडा.

अडचण एकच. १७ फेब्रुवारी १९३१ ला तोच माणूस पंचा नेसून दिल्लीत तुमच्या वाड्याच्या पायऱ्या चढतो. बैठकांवर बैठका होतात. ५ मार्चच्या करारात, मीठ पिकतं तिथल्या गावकऱ्यांना घरच्यापुरतं मीठ घेण्याची मुभा लिहून द्यावी लागते. आणि त्या बैठकांना सचिवाला पाठवून भागत नाही.