‘हक्क की सूड’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘नायगावपासून आजपर्यंत’ या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली आणि मगच उत्तर लिहायला बसले. एकोणिसाव्या शतकातली स्त्रीसुधारणेची चळवळ आणि आज आपण जिला स्त्रीवाद म्हणतो ती चळवळ या दोन परस्परविरोधी गोष्टी नाहीत, एकच काम पुढे चालू आहे, एवढेच माझे त्या लेखातले म्हणणे होते. त्यावर आपण लिहिता : “पूर्वीच्या स्त्रियांनी हक्क मागितले, आताच्या सूड मागतात. सावित्रीबाईंनी शेण झेलले, पण कुणाला उलट उत्तर केले नाही. ताई, आपण शिक्षिका होतात म्हणे. वर्गातल्या मुलींच्या डोक्यात हेच भरलेत का? आणि स्वतःच्या मुलीच्याही?” याखेरीज मी नायगावचा तालुका चुकवला, कायद्यांच्या गैरवापराबद्दल अवाक्षर काढले नाही आणि लेखातली बहुतेक नावे पांढरपेशा घरांतली आहेत, असे आणखी तीन आक्षेप आपण नोंदवले आहेत.

तालुक्याची चूक मान्य आहे. सावित्रीबाईंचे नायगाव आज खंडाळा तालुक्यात येते. मी वाई लिहिले होते. साताऱ्यात राहून ही चूक व्हायला नको होती. लेखात दुरुस्ती केली आहे आणि ती दाखवून दिल्याबद्दल मी आपली आभारी आहे.

आता ‘म्हणे’ या शब्दाबद्दल. मला ताई म्हणण्याला माझी हरकत नाही. मंडईत भाजीवालाही ताईच म्हणतो आणि त्यात आपुलकी असते. पण ‘शिक्षिका होतात म्हणे’ यातल्या ‘म्हणे’त आपुलकी नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये एकतीस वर्षे शिकवले, त्यातली अठरा माण आणि खटाव तालुक्यांत, जिथे उन्हाळ्यात पाण्याच्या खेपांमुळे मुलींचा पट निम्म्यावर येई आणि मी संध्याकाळी घरोघर जाऊन त्यांच्या आयांशी वाद घालत असे. हे मोठेपणासाठी सांगत नाही. वाचकाला लेख पटला नाही तर त्याने लेख खोडून काढावा. लेखिकेने नोकरी खरोखर केली का, इथपासून सुरुवात करण्याचे कारण मला कळलेले नाही. हाच लेख एखाद्या निवृत्त मास्तरांनी लिहिला असता, तर आपण त्यांना ‘दादा, आपण शिक्षक होतात म्हणे’ असे लिहिले असते का, याचा आपणच विचार करावा.

मूळ मुद्दा आपल्या त्या पहिल्या वाक्याचा आहे आणि मला त्याच्याबद्दलच सविस्तर लिहायचे आहे, कारण हे वाक्य मी आयुष्यभर वेगवेगळ्या तोंडून ऐकत आले आहे.

सावित्रीबाईंनी उलट उत्तर केले नाही, असे आपण म्हणता. त्यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत आणि त्यांतली दोन नायगावहून, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातून लिहिलेली आहेत. १८५६ सालचे पत्र आजारपणात माहेरी राहिल्या असताना लिहिलेले आहे. ज्या भावाच्या घरी त्या राहिल्या होत्या, जो त्यांची सेवाशुश्रूषा करत होता, तोच त्यांना म्हणतो की, तुझा नवरा आणि तू महार-मांगांसाठी काम करता म्हणून तुम्हाला बहिष्कृत केले आहे, जातीच्या रूढीला धरून वागा. त्यावर या बाईंनी मान खाली घातली नाही. शेळीला आणि गाईला तू कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस आणि माणसांना मात्र अस्पृश्य मानतोस, याचे कारण सांग, असे त्यांनी भावाला तोंडावर विचारले. माहेरी, आजारी असताना, त्याच्याच घरात बसून. सासुरवाशिणीला माहेरचा भाऊ दुखावणे म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या उत्तराची किंमत कळेल.

दुसरे पत्र १८६८ सालचे. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम जमले, सारजा गरोदर राहिली आणि गावकऱ्यांनी दोघांना मारत, वाजतगाजत गावातून फिरवून जिवे मारण्याची तयारी केली. सावित्रीबाईंना कळताच त्या धावत तिथे गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती दाखवून त्यांनी जमावाला थांबवले आणि त्या दोघांना जोतीरावांकडे पाठवून दिले. दीडशे वर्षांपूर्वी संतापलेल्या गावासमोर उभी राहून कायद्याचे नाव घेणारी बाई आपल्याला ‘कुणाला उलट उत्तर न करणारी’ वाटत असेल, तर आपण पत्रे न वाचता त्यांचे नाव घेतले आहे, असेच मला म्हणावे लागेल. शेण अंगावर घेणारी, दुसरे लुगडे बरोबर नेणारी, सोसणारी सावित्रीबाई आपल्याला चालते. जमावाला दरडावणारी सावित्रीबाई त्या तसबिरीत बसत नाही म्हणून आपण ती बाजूला ठेवता.

ताराबाई शिंद्यांबद्दल तर बोलायलाच नको. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येच्या आरोपाखाली आधी फाशीची शिक्षा झाली आणि मग अपिलात ती कमी झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीला नावे ठेवली जाऊ लागली, तेव्हा बुलढाण्याच्या या बाईंनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिले. बायको मेली की पुरुषाने लगेच दुसरी करावी, नवरा मेला की बाईने मात्र कोपऱ्यात बसावे, हे कुठल्या न्यायाने, असा त्यांचा सवाल आहे आणि ज्या दुर्गुणांचे खापर बायकांवर फोडता ते सगळे तुमच्यात आहेत, असे पुरुषांना त्या पानोपानी सुनावतात. आजच्या कुठल्याही तरुण मुलीने समाजमाध्यमावर लिहिलेल्या मजकुरापेक्षा ते पुस्तक कितीतरी तिखट आहे. त्या काळी त्यावर इतकी टीका झाली की, जोतीरावांना १८८५ मध्ये आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेच्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्याला मिळत नाही. त्यांना काय काय म्हटले गेले असेल, ते आपली प्रतिक्रिया वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आले.

आणि रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या या मुलीने मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले. दादाजी भिकाजी याने १८८४ साली तिच्यावर दावा लावला आणि मार्च १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने निकाल दिला की, महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तुरुंगात जाईन, पण नांदायला जाणार नाही, असे तिने कळवले. ‘केसरी’ने तिच्याविरुद्ध लिहिले, शिकलेल्या बायका कुटुंबव्यवस्था आणि धर्म बुडवणार, असा तेव्हाचा गहजब होता. १८८८ मध्ये तडजोड झाली, रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत आणि राजकोटला त्यांनी अनेक वर्षे बायकांवर उपचार केले. त्यांचा दावा चालू असताना त्यांना आजच्या भाषेत ‘घरमोडी’च म्हटले जात होते. आज आपण त्यांच्याबद्दल आदराने बोलतो, कारण त्या आपल्या घरात येऊन आता काही मागणार नाहीत.

यावर आपण म्हणाल की त्या मोठ्या बायका होत्या, आजच्यांची त्यांच्याशी बरोबरी कशी? तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील मथुरा या आदिवासी मुलीवर १९७२ मध्ये पोलीस ठाण्यात बलात्कार झाला आणि तिने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिले. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, त्यानंतर ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराचा खटला चालवताना बाईने ‘संमती नव्हती’ असे सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, अशी तरतूद झाली. यात सूड कुठे आहे? आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात ऐंशीच्या दशकात नवऱ्यांनी टाकलेल्या बायका संघटित झाल्या आणि त्यांनी पोटगी, स्वतंत्र रेशनकार्ड आणि राहायला जागा मागितली. रेशनकार्डावर स्वतःचे नाव मागणे हा सूड असेल, तर आपल्या शब्दकोशात आणि माझ्या शब्दकोशात फार अंतर आहे.

आपण माझ्या वर्गाचा उल्लेख केलात म्हणून वर्गातलेच सांगते. माझ्याकडे तिसरीत एक मुलगी होती, तिचे नाव नकुशा. घरात चौथी मुलगी झाली, नको होती, म्हणून ठेवलेले नाव. हजेरी घेताना मी ‘न’ उच्चारते न उच्चारते तोच ती घाईघाईने “हजर बाई” म्हणायची. आधी मला वाटले की मुलगी चुणचुणीत आहे. नंतर लक्षात आले की पुढची दोन अक्षरे वर्गाला ऐकू जाऊ नयेत म्हणून ती घाई असे. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात कार्यक्रम होऊन जिल्ह्यातल्या २८५ नकुशांना नवी नावे देण्यात आली. त्यांनी स्वतःच्या पसंतीची नावे घेतली. माझी विद्यार्थिनी परत आली तेव्हा तिने सगळ्या वह्यांच्या कव्हरांवर नवे नाव लिहिलेले होते आणि त्याखाली जुने नाव इतके गिरवून खोडले होते की कागद फाटला होता. त्यानंतर आठवडाभर हजेरीला ती मुद्दाम थांबायची, मी पूर्ण नाव घेईपर्यंत. मी मुलींच्या डोक्यात काय भरले, याचे उत्तर आपल्याला हवे असेल तर ते यात आहे.

कायद्यांच्या गैरवापराबद्दल : खोट्या तक्रारी होतात, कुठल्याही कायद्याखाली होतात आणि ज्यांच्यावर होतात त्यांच्यावर अन्याय होतो. पण माझा लेख त्या विषयावर नव्हता आणि प्रत्येक लेखात तो परिच्छेद घालायलाच हवा, असा आग्रह मला मान्य नाही. नावे पांढरपेशा घरांतली आहेत, या आक्षेपाचेही तसेच. मुक्ता साळवे यांनी फुल्यांच्या शाळेत शिकत असताना, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला, हे मला माहीत आहे, लेखात तो आला नाही, कारण लेख लांबत चालला होता. त्यावर कधीतरी वेगळे लिहीन.

राहिला माझ्या मुलीचा प्रश्न. तो विचारण्याचा अधिकार आपल्याला नव्हता, तरी विचारलाच आहात तर उत्तर देते.

१९९९ साली माझे वडील गेले. वडिलांच्या मिळकतीत मुलीचा वाटा १९५६ च्या कायद्यापासून आहे, म्हणून तर वारस म्हणून माझे नाव लागले आणि म्हणूनच भावांना माझे हक्कसोडपत्र हवे होते. तेराव्यानंतर पंधरा दिवसांत दोन्ही भाऊ मला तालुक्याला निबंधकांच्या कार्यालयात घेऊन गेले. कुणी जबरदस्ती केली नाही. वहिनीने नवी साडी आणली होती, नारळ होता, ओटी भरली. मी पदवीधर, वीसेक वर्षे इतरांच्या मुलींना ‘शिका, आपल्या पायावर उभ्या राहा’ सांगणारी. सही केलीच, पण सहीशेजारी अंगठाही घेतात, तोही दिला. शाई जांभळी होती. कागदाच्या मागच्या बाजूला पुसली तरी निघाली नाही आणि रात्री घरी कणीक मळताना गोळ्यावर तिचा डाग उमटला. तेवढा गोळा मी काढून टाकला. मला जमीन नको होती असे नाही. मला माहेर हवे होते आणि दोन्ही एकत्र मिळत नाहीत, हे न सांगताच सगळ्यांना ठाऊक होते. भावांशी माझे संबंध आजही चांगले आहेत, राखीला मी जाते. त्यांच्यावर मला सूड उगवायचा नाही. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. मला त्याचा उपयोग नाही, मी आधीच सोडून बसले आहे.

त्या हक्कसोडपत्राची प्रत माझ्या कपाटात आहे. मुलगी कॉलेजला गेली त्या वर्षी मी तिला ती वाचायला दिली. तिने पूर्ण वाचली आणि विचारले, “यात ‘राजीखुशीने’ असे लिहिले आहे, ते खरे होते का?” मी तिला नाही म्हणून सांगितले. तेव्हा हो, स्वतःच्या मुलीलाही मी हेच शिकवले. गेल्या वर्षी आमच्या घराच्या उताऱ्यावर मुलाच्या जोडीने तिचे नाव लावून घेतले आणि त्या दिवशी माझा मुलगाच तिला गाडीवरून कार्यालयात घेऊन गेला होता.

आपली प्रतिक्रिया लेखाखाली जशीच्या तशी आहे, एक अक्षरही काढलेले नाही.