रुपया पडू दे म्हणणाऱ्यांना, झुरिकहून

घरच्या ग्रुपवर परवा पुन्हा तेच. चुलतभाऊ लिहितो, रुपया पडतोय तर पडू दे, आपला माल बाहेर स्वस्त होईल, एक्स्पोर्ट वाढेल, कारखाने धावतील. खाली अंगठ्यांची रांग. मला राहवेना.

अरे, 1991 च्या जुलैत दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं तेव्हा डॉलर 26 रुपयांच्या आसपास गेला, आज 80 च्या वर आहे. नुसत्या घसरणीनं कारखाने सुधारत असते तर एव्हाना आपण जर्मनांना मशिनी विकत असतो. त्या स्वस्ताईचा बराचसा भाग आपली महागाईच खाऊन टाकते, आणि ज्या सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर, जॉब काढायचा तिचा कंट्रोलर येतो बाहेरून, म्हणजे माल स्वस्त झाला पण तो चांगला करायचं हत्यार महाग झालं. शिवाय रेटवरच मार्जिन सुटत असेल तर पुढच्या जॉबसाठी मशिन लावायला, म्हणजे सेटिंगला, दोन तास का लागतात हे विचारतंय कोण?

इकडे उलटं, चलन महागलं. 15 जानेवारी 2015 ला स्विस नॅशनल बँकेनं युरोला किमान 1.20 फ्रँकची मर्यादा एका सकाळी काढून टाकली, काही दिवसांत युरो एक फ्रँकवर, आणि आमच्या युरोतल्या ऑर्डरी बसल्या जागी हलक्या झाल्या. तरी कंपनी टिकली. जॉब पकडून ठेवणारी फिक्स्चर बदलली, सेटिंग टाइम निम्म्यावर आणला, युरोत स्वस्त पडलेला रोबो घेतला. हे मी दर सुट्टीत तिकडे छाती काढून सांगतो, शिस्त वगैरे.

सांगत नाही ते हे, की पहिला उपाय तो नव्हताच. पहिला उपाय होता त्याच पगारात आठवड्याला 40 ऐवजी 43 तास. तासाला निघणारे नग तेवढेच, म्हणजे प्रॉडक्टिव्हिटी कसली, आमचाच तास स्वस्त केला, रुपया पाडण्यासारखंच. साधं मिलिंग, म्हणजे धातू कापून आकार द्यायचं काम, तर सरळ भारतात गेलं, ड्रॉइंग मीच पाठवली, आणि शेजारच्या मशिनवरच्या माणसाची नोकरी वर्षभरात गेली. उरलेल्यांची सरासरी त्यानंतर छान दिसायला लागली.

ग्रुपवर यातलं फक्त शिस्तीचं लिहिलं. त्यावर भावाचा एकच मेसेज, "दादा, या महिन्यात घराच्या हप्त्याचे पैसे अजून पाठवले नाहीस?"

थांबलोय. रुपया अजून थोडा उतरेल असं वाटतंय.