तीन भांड्यांचा मिक्सर आणि इतर मार्गदर्शन

दसऱ्याचा ऑनलाइन सेल येतो तेव्हा आपल्याकडं सोयाबीन काढणीला आलेलं असतं. पैसा हातात आलेला नसतो, पण येणार असतो. खर्च करायला यापेक्षा चांगला मुहूर्त पंचांगात सापडणार नाही. म्हणून यंदाच्या सेलआधी गरजूंसाठी हे चार शब्द. माझी पात्रता विचाराल तर गेल्या सेलमध्ये मी तीन भांड्यांचा मिक्सर मागवला आणि दोन भांड्यांचा आला. निलंगा तालुक्यात मार्गदर्शन करायला एवढा अनुभव पुष्कळ झाला.

पहिली गोष्ट, रात्री बारा वाजता जागं राहायचं. दिवसा घेतलेल्या वस्तूला चव नसते. २३ सप्टेंबर २०२५ ला सेल उघडणार होता. त्या आठवड्यात तेरणा आणि मांजरा दोन्ही पात्राबाहेर होत्या, लाइट गेलेली, मोबाइलची बॅटरी चौदा टक्के, आणि मी खिडकीशी रेंज धरून बसलेलो. बायको अंधारातूनच म्हणाली, "अहो, सोयाबीन पाण्यात हाय, अन् तुमी मिक्सर बघूलालाव?" तिला काय कळणार. सोयाबीनचं जे व्हायचं ते सकाळीही झालं असतं. मिक्सर मात्र सकाळपर्यंत संपला असता. तसं पडद्यावर लिहिलेलंच होतं, लाल अक्षरात: फक्त २ शिल्लक. शेजारी घड्याळ उलटं पळत होतं. मी घाईघाईनं पैसे भरले. सकाळी उठून बघितलं तर अजूनही फक्त २ शिल्लक. दसऱ्याच्या दिवशी बघितलं, तेव्हाही दोनच. ते दोन मिक्सर चिरंजीव आहेत, अश्वत्थाम्यासारखे.

अशा युक्त्यांची सरकारनं यादी केलीय म्हणे. ३० नोव्हेंबर २०२३ ला तेरा प्रकार मोजून त्यांवर बंदी घातली. खोटी घाई लावणं, न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, शेवटच्या पडद्यावर नवीनच शुल्क काढणं, 'नको' म्हणणाऱ्याला लाज वाटेल असं बटण ठेवणं, असं सगळं त्यात आहे. तुम्ही ती यादी वाचू नका. सेलची मजा जाते.

दुसरं, वर्तमानपत्रातला जीएसटी पाठ करून ठेवा. २२ सप्टेंबरला दर उतरले, म्हणजे मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ वर आले. मिक्सर आधीही १८ वर होता, नंतरही १८ वरच राहिला. पण एवढं सगळं स्वस्त होत असताना आपला मिक्सर एकटा महाग कसा राहील, या विश्वासावर खरेदी करायची असते.

बँकेच्या कार्डावर दहा टक्के सूट असते. ती ज्या बँकेवर असते तिथं आपलं खातं कधीच नसतं. मग गल्लीत फिरायचं. आमच्या शेजारच्या काकांकडं ते कार्ड निघालं, पण ओटीपी त्यांच्या फोनवर आणि काका पावसामुळं शिरूर अनंतपाळला अडकलेले. त्यांचा फोन लागेपर्यंत ओटीपीची मुदत संपली, दोनदा. तिसऱ्यांदा लागला तेव्हा कळलं की सूट पाच हजारांच्या वरच्या खरेदीवर आहे. मी अडीचशे रुपये वाचवायला आणखी अडीच हजारांची खरेदी करण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात मोबाइल बंद पडला. त्या चौदा टक्के बॅटरीचे माझ्यावर उपकार आहेत.

बिनव्याजी हप्त्यांनी फोन घेणाऱ्या पोरांना काही सांगू नका. रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच सांगितलंय की शून्य टक्के व्याज असा प्रकार नसतो. व्याजाएवढी सूट आधी किमतीत दाखवतात, बँक व्याज लावतेच, आणि क्रेडिट कार्डाचे हप्ते असतील तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. वर प्रोसेसिंग फी. पोरगं म्हणतं, "सर, नो कॉस्ट हाय." असू दे बाबा.

रिव्ह्यू जरूर वाचावेत. 'अजून उघडून बघितला नाही, पॅकिंग छान आहे, पाच तारे.'

आता खोडलेल्या किमतीबद्दल. वर ७,९९९ लिहून त्यावर रेघ मारलेली, खाली २,३४९. ती वरची किंमत कुणी कधी दिली, हे विचारायचं नसतं. तिचा उपयोग खोडण्यापुरताच. ही कला आपल्याला नवीन आहे असंही नाही. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला होता आणि आडतीत काय हातात पडलं ते तुम्हाला माहीत आहे, मी काय सांगू. वरचा भाव खोडलेला, खालचा हातात. आपल्या मालावर बारमाही सेल आहे, फक्त त्याची जाहिरात कुणी करत नाही. खरेदी केंद्रावर न्यावं तर ओलावा बारा टक्क्यांच्या वर, माल परत. आणि तो परत न्यायला कुणी पिकअपवाला येत नाही, टेम्पोचं भाडं आपलंच.

पण मी सेलबद्दल बोलत होतो.

वस्तू मागवण्याआधी गावातल्या दुकानात जाऊन हाताळून बघा. हे फार महत्त्वाचं. दुकानदाराला भांडी काढायला लावा, मोटार चालू करून आवाज ऐका, वॉरंटीचं विचारा, त्यानं दिलेला चहा प्या आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून निघताना मॉडेल नंबरचा फोटो काढा. फोटो काढताना बायकोचा फोन आल्यासारखं करायचं. मी तसंच केलं. त्यानं २,७०० सांगितले होते. मी मनात म्हटलं, लुटतात नुसते.

पत्ता लिहिताना मारुतीच्या देवळामागं, लिंबाच्या झाडाजवळ, असलं काही लिहीत बसू नका. शेवटी फोन येतो तो असा: "काका, पार्सल हाय. स्टँडवर थांबलोय, येता का? नाही तर रिटर्न मारतो."

मिक्सर दसऱ्याला येणार होता, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आला. घरी आणून उघडला. मोठं भांडं आहे, मधलं आहे. चटणीचं नाही. आता ज्यांच्या घरी शेंगदाण्याची चटणी रोज लागते त्यांना मी वेगळं सांगायला नको की तीन भांड्यांतलं खरं भांडं कोणतं. येसराचा मसाला मोठ्या भांड्यात टाकला तर तो कडेला चिकटून बसतो आणि पातं नुसतं हवेत फिरतं. पण मी शांत होतो, कारण परत करण्याची सोय होती. सात दिवस. फोटो टाकले, कारण निवडलं: 'एक भाग कमी आला.' लगेच उत्तर आलं, आम्हाला वाईट वाटतं. दोन दिवसांनी एक पोरगा आला, गळ्यात मशीन अडकवलेलं. खोकं उघडलं, यादी बघितली आणि म्हणाला,

"काका, इथं तीन भांडी दाखवतंय. दोनच हायत."

म्हटलं, "बरोबर. म्हणून तर परत देतोय."

"मग तीन दिल्याशिवाय घेता येत नाही."

"अरे, तिसरं आलंच नाही."

"पण सिस्टिमला तीन पाहिजेत ना काका."

ऐका नीट. भांडं कमी आलं म्हणून मी मिक्सर परत देतोय आणि भांडं कमी आहे म्हणून तो मिक्सर परत घेत नाही. मी वीस वर्षं झेडपीच्या शाळेत गणित शिकवलंय. पोरगं भागाकारात अडकलं तर मी त्याला रागवत नाही, पण हे उत्तर कुठल्या पुस्तकात बसतं ते मला सांगा. त्या पोराला बोलून उपयोग नव्हता, त्याला पार्सलमागं मोजून पैसे मिळतात आणि उन्हात त्याची गाडी बंद पडली होती. मीच ढकलून दिली. तो गेला आणि पाच मिनिटांत मेसेज आला: ग्राहकाच्या विनंतीवरून परतावा रद्द करण्यात आला आहे. ग्राहकाच्या विनंतीवरून! मी कधी केली विनंती? गाडी ढकलताना?

मग चॅट. तिथं आधी एक यंत्र बोलतं, त्याला आपली अडचण फार समजते. मग माणूस येतो, त्याला काहीच समजत नाही, कारण आधीचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं असतं. पाच वेळा सांगितलं, पाच वेगवेगळ्या नावांच्या माणसांना. प्रत्येकानं शेवटी विचारलं, आणखी काही मदत करू शकतो का. अरे, पहिली तरी कर! २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात ती मिटवावी लागते. पोच मिळते. अगदी वेळेवर मिळते. चार पोचा आहेत माझ्याकडं, हव्या तर दाखवतो. पाचव्या वेळी उत्तर आलं की परतीचा सात दिवसांचा कालावधी संपला आहे. तो कुणी संपवला? मी का तुम्ही? दोन दिवस पिकअपवाल्यात गेले, दोन दिवस 'वरिष्ठ पथका'त गेले, रविवार गेला, आणि मग म्हणे तुम्ही उशीर केला! २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा या जिल्ह्यानं घागरी घेऊन वाट बघितली आहे, वाट बघायचं आम्हाला कुणी शिकवू नये. पण त्या रेल्वेत पाणी तरी होतं.

बरं, मार्गदर्शन. 'पुढच्या वेळी खोकं उघडताना व्हिडिओ काढा' असं सगळे सांगतात. जरूर काढा. चोरी त्यांनी करायची आणि पंचनामा आपण.

शेवटी मी मिक्सर पिशवीत घालून त्याच दुकानात गेलो. दुसरं दुकान शोधलं होतं, पण त्या मॉडेलचं भांडं त्याच्याकडंच. तो म्हणाला, "या गुरुजी, दुरुस्तीला आणलाव का?" म्हटलं, चटणीचं भांडं पाहिजे. त्यानं तळाचा नंबर बघितला, माझ्याकडं बघितलं. फोनचं नाटक त्याच्या लक्षात होतं. काही बोलला नाही. आतून भांडं आणलं, बसवून बघितलं, झाकणाचं रबर सैल होतं ते बदललं, आणि म्हणाला, "कंपनीचं न्हाई हे, सांगून ठेवतो. पण चालंल." ३५० रुपये. रबराचे घेतले नाहीत. घरी येऊन मी हिशेब केला. २,३४९ अधिक कसलीकसली फी धरून २,३७८, त्यात हे ३५०. दुकानदारानं २,७०० सांगितले होते, ते तीन भांड्यांचे, आणि मी घासाघीस केली असती तर पन्नास तरी सोडले असते.

फी म्हटलं की माझं डोकं सरकतं, म्हणून आता सरळच बोलतो. प्लॅटफॉर्म फी म्हणजे काय? त्यांच्या दुकानात पाय ठेवल्याचे पैसे. रोख पैसे घेतले की त्याचे वेगळे पैसे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांनी याच रोखीच्या जादा आकारणीची चौकशी सुरू केल्याचं सांगितलं, तेव्हा आपल्याला कळलं की आपण ते देत होतो. देत होतो ना? बिल वाचलं होतं कुणी? मीही नाही. आणि आठवडी बाजारात मेथीच्या जुडीला पाच रुपये कमी केल्याशिवाय आपण पाय हलवत नाही. ती बाई पहाटे चारला भाजी काढून पिकअपमध्ये उभं राहून येते. तिच्याशी पाच रुपयांवरून भांडताना आपला आवाज साऱ्या बाजाराला ऐकू जातो, आणि ॲपवर अंगठा असा गुपचूप खाली जातो की विचारू नका. गावातल्या दुकानदाराला फुकट प्रदर्शन भरवायला लावायचं, त्याचा चहा प्यायचा आणि पैसे द्यायचे बेंगळुरूला नाही तर आणखी कुठं. मग वस्तू बिघडली की पिशवी घेऊन त्याच्याच दारात. लाज वाटली पाहिजे. मला वाटली, पण भांडं मिळाल्यावर वाटली, आधी वाटली नाही.

आणि फसलात तर निदान गप्प बसू नका. 'दोन-अडीच हजारांसाठी कोण हेलपाटे मारणार' हे वाक्य मी दहा जणांकडून ऐकलं, त्यांतले सहा जण स्वतः फसलेले. १९१५ हा नंबर आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा. लावा. तिथून काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी कुठलीही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे आपल्याला लातूर, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लागतोच असं नाही. मी अर्ज लिहिलाय. चार पोचा, रद्द झालेल्या परताव्याचा मेसेज आणि दुकानदाराची ३५० रुपयांची पावती त्याला जोडलीय. पावती मागितली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "गुरुजी, पहिल्यांदाच पावती मागितलाव की."