तेझुका म्हणजे डिस्नीची कॉपी? आधी तारखा तरी बघा

अ‍ॅनिमेच्या (जपानी अ‍ॅनिमेशनच्या) ग्रुप्सवर एक पोस्ट गेले कित्येक महिने फिरतेय आणि लोक डोळे झाकून पुढे ढकलतायत. म्हणणं साधारण असं: दुसऱ्या महायुद्धाआधी जपानात कॉमिक्स वगैरे नव्हतंच, मग अमेरिकन सैनिक आले, त्यांची कॉमिक्स बघून ओसामु तेझुका हा जपानी चित्रकार शिकला, त्याने डिस्नीचा 'बांबी' हा सिनेमा ऐंशी वेळा बघितला, त्यातले मोठे डोळे उचलले आणि मांगा (जपानी कॉमिक्स), अ‍ॅनिमे सगळं तिथून सुरू झालं, म्हणजे मुळात हा डिस्नीचाच माल. मला याचा खरंच त्रास होतो, कारण ज्या लोकांची पुस्तकं वाचून तेझुका चित्र काढायला शिकला त्यांची नावंच यात पुसली जातात.

"युद्धाआधी काही नव्हतं." अहो, 1905 साली राकुतेन किताझावाने 'टोकियो पक' नावाचं रंगीत व्यंगचित्र मासिक काढलं होतं. 1923 मध्ये जपानी पेपरात 'शो-चान'ची साहसं फुग्यातल्या संवादांसकट छापून येत होती, आणि त्याच वर्षी जॉर्ज मॅकमॅनसची 'ब्रिंगिंग अप फादर' ही अमेरिकन चित्रपट्टीही (कॉमिक स्ट्रिप) तिथे भाषांतर होऊन सुरू झाली. म्हणजे अमेरिकन कॉमिक्स जपानात पोचली ती सैनिकांच्या खिशातून नाही, पेपरातून, तेझुका जन्मायच्या पाच वर्षं आधी! (त्याचा जन्म 3 नोव्हेंबर 1928.)

आणि मग 'नोराकुरो'. याच्यावर थोडं थांबतोच. सुइहो तागावाने 1931 साली 'शोनेन कुराबु' या मुलांच्या मासिकात हे सुरू केलं, एक काळा भटका कुत्रा, पंजे पांढरे, कुत्र्यांच्या सैन्यात भरती होतो, सारखे घोळ घालतो आणि तरी एकेक पायरी वर चढत जातो. पोरं वेडी झाली होती त्याच्यासाठी, त्याची जाड कापडी बांधणीची पुस्तकं निघायची, बाहेर खोकं वगैरे, आजही कुणी जपून ठेवलेली दिसतात. तागावा तरुणपणी 'मावो' नावाच्या बंडखोर चित्रकारांच्या गटात होता, तिथली रेघ इथे आली असं मला वाटतं, एकदम मोजकी, गोल, ठसठशीत. अमेरिकन कार्टूनमधल्या फेलिक्स मांजराची सावली नोराकुरोवर आहे, ती मी नाकारत नाही, पण मग गोलमटोल काळा प्राणी जपानी पोरांच्या हातात 1931 लाच होता ना? 1941 मध्ये सरकारी दबावाखाली मालिका बंद पडली. तेझुका या पुस्तकांवर वाढला, घरी मांगा भरपूर होते आणि आई ते वेगवेगळे आवाज काढून वाचून दाखवायची. 1940 चं 'कासेइ तानकेन' हे मांगा पुस्तक पण बघा, एक मुलगा, कुत्रा आणि मांजर मंगळावर जातात, चित्रं नोबोरु ओशिरोची. तेझुकाच्या विज्ञानकथांचं बी शोधायचं तर मी आधी तिथे शोधेन.

आता बांबी. तेझुका बांबीच्या प्रेमात होता हे शंभर टक्के खरं, ऐंशीचा आकडाही त्याच्याच नावावर सांगितला जातो. पण बांबी जपानात लागला मे 1951 मध्ये. तेझुकाची पहिली पेपरातली पट्टी जानेवारी 1946 ची, 'शिन ताकाराजिमा' 1947 चं, ते ओसाकातलं स्वस्त लाल कव्हरवालं पुस्तक ज्याच्या चारेक लाख प्रती खपल्याचं सांगतात, आणि सिंहाच्या छाव्याची गोष्ट 'जंगल ताइतेइ' नोव्हेंबर 1950 ला सुरू झालेली. जो सिनेमा त्याने अजून बघितलाच नव्हता त्यातून तो शैली कशी उचलणार? 1952 मध्ये त्याने बांबीची मांगा आवृत्ती काढली, पण तोपर्यंत तो नावाजलेला झाला होता. डिस्नी त्याने लहानपणी पाहिला नव्हता का, तर पाहिला होता, वडिलांनी घरी पाथे बेबीचा छोटा प्रोजेक्टर आणला होता, त्यावर मिकी आणि चॅप्लिन दोघंही असायचे. पोस्टमध्ये चॅप्लिन कुठेच नाही.

डोळ्यांचं म्हणाल तर अमेरिकन कार्टूनमधली बेटी बूप विसरू नका, ती फ्लायशर स्टुडिओची, डिस्नीची नाही. जपानात ती इतकी आवडती होती की 1935 साली फ्लायशर स्टुडिओने तिला जपानला नेणारी फिल्मच काढली, त्यात ती जपानीत गाते. शिवाय जुनइची नाकाहाराने तीसच्या दशकात मुलींच्या मासिकांत काढलेल्या मुली बघा, डोळे केवढे! आणि तेझुका वाढला ताकाराझुका गावात, जिथे फक्त बायकांची नाटक कंपनी आहे, पुरुषांची कामंही बायकाच करतात, रंगमंचावरचा तो डोळ्यांचा भडक मेकअप त्याने लहानपणापासून बघितलेला. त्याची 1953 ची मांगा 'रिबन नो किशी' वाचताना हे लगेच कळतं, नायिका राजपुत्राच्या वेषात वावरते.

"अ‍ॅनिमेशनची प्रेरणा फक्त डिस्नी" हेही नाही. 1942 मध्ये जपानात वान बंधूंची चिनी फिल्म लागली, शांघायमध्ये केलेली, लोखंडी पंख्याच्या राजकन्येची, ती त्याने पाहिली. एप्रिल 1945 मध्ये ओसाकात, बाँबहल्ल्यांनी अर्धं शहर उद्ध्वस्त झालेलं असताना, त्याने मित्सुयो सेओची मोमोतारो या लोककथेतल्या नायकावरची लांबलचक फिल्म पाहिली. ती नौदलाच्या प्रचारासाठी केलेली होती आणि तो प्रचार वाईटच आहे, पण सोळा वर्षांचा तेझुका ती बघून रडला आणि आपणही एक दिवस अ‍ॅनिमेशन करायचंच असं तिथे ठरवलं, हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय.

शेवटचा मुद्दा, अ‍ॅनिमे दिसायला डिस्नीसारखं. हालचाल बघा हो! 1 जानेवारी 1963 ला तेझुकाचं 'तेत्सुवान आतोमु' (अ‍ॅस्ट्रो बॉय) टीव्हीवर आलं, दर आठवड्याला अर्धा तास, पैसे जेमतेम. मग एक चित्र तीन फ्रेम धरून ठेवायचं, म्हणजे सेकंदाला फार तर आठ चित्रं, बोलताना नुसतं तोंड हलवायचं, जुनी चित्रं साठवून परत वापरायची, स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवायचा. डिस्नीच्या मोठ्या फिल्म्समध्ये हालचाल हाच जीव असतो, इथे गोष्ट आणि कट यांच्यावर सगळं उभं आहे, आणि ते थेट मांगाच्या पानावरून आलेलं आहे, चौकट, थांबा, पुढची चौकट.