लाल झगा, पण कॅमेऱ्याचं काय?
'द हँडमेड्स टेल' (२०१७) या मालिकेवरचा एक लेख वाचला. मुलं जन्माला घालण्यासाठी ठेवलेल्या दासींचा लाल झगा म्हणजे प्रजननक्षमता, एवढ्यावरच त्या लेखाने विषय आटोपला. तो लाल डोळ्यांत भरतो, कारण शेजारी मालकिणींचा निळसर हिरवा आणि घरकाम करणाऱ्या बायकांचा मळकट हिरवा आहे. एकच रंग सुटा वाचला की ही उतरंडच निसटते. खरी कमाल तर कॅमेऱ्याची! गिलियडमधल्या, म्हणजे मालिकेतल्या हुकूमशाही राष्ट्रातल्या, चौकटी बहुतेक समतोल, स्थिर. पूर्वीचं आयुष्य मात्र हातातल्या कॅमेऱ्याने टिपलेलं, किंचित हलतं. जून या नायिकेच्या, म्हणजे अशाच एका दासीच्या, क्लोजअपमध्ये लेन्स चेहऱ्याच्या अगदी जवळ, मागचं सगळं धूसर, दोन्ही बाजूंना पांढऱ्या टोपीच्या कडा. तिची नजर जिथे अडते तिथे आपलीही अडते. एखादा प्रसंग आधी आवाज बंद करून बघा; संवादात नसलेलं चित्रात किती आहे ते लगेच कळतं.